डोळस घुबडाचा भाव

दाजी, तुम्ही गेलात आणि त्याच संध्याकाळी घुबडाचा भाव चढला. तुम्हाला आधी हेच सांगतो, कारण तुम्ही पहिली चौकशी याचीच केली असती. अक्का कशी आहे, सचिन पुण्याहून वेळेत पोचला का, लाकडं कोरडी मिळाली का, हे सगळं मागाहून. तुमच्या त्या चाकू जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचा फोटो पडला, खाली हात जोडल्याची चित्रं पडली, 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडली, आणि त्याच्याच खाली एकाने विचारलं, "सरांकडचे डोळस पीस आता बाजारात निघतील का?" तुमचा फोन माझ्याच खिशात होता. तुम्हाला अजून घराबाहेर काढलं नव्हतं.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिही. चांगलं लिहायला तुमची पंचायत समितीतली मंडळी आहेत, त्यांनी फलकावर लिहिलंही. मी अक्काचा धाकटा भाऊ. तुमच्या लग्नात तुमचा कान पिळायचा मान माझा होता, आणि रिवाजाने जेवढा पिळायचा त्याहून मी तो जरा जास्तच पिळला होता. त्याबद्दल तुम्ही मला जे शर्टपीस दिलंत ते पहिल्याच धुण्यात आटलं. तिथपासून आपलं जे सुरू झालं ते तुम्ही मध्येच सोडून गेलात. मला ते भांडण पुरं करायचं आहे, आणि तुम्हाला उत्तर देता येणार नाही हे माझ्या पथ्यावरच पडलंय.

घुबड छाप चाकू आमच्याच दुकानात मिळायचा, हे तुमच्या ग्रुपवाल्यांना खरं वाटत नाही. गेवराईत वडलांचं हार्डवेअरचं दुकान. गल्ल्याशेजारी खिळ्याला पुठ्ठा टांगलेला आणि त्यावर रबराने डझनभर चाकू अडकवलेले. घडीचा चाकू, खिशात मावेल एवढा, शिसवी मूठ, पात्यावर बारीक घुबडाचा शिक्का. शेतकरी न्यायचे, मेंढरंवाले न्यायचे, ऊसतोडीला निघालेली माणसं न्यायची. खिळ्यामोळ्यांच्या बिलात सुटे पैसे नसले की गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या, त्याचं एक घुबड टाका. पुढे त्या कंपनीच्या मालकांत भाऊबंदकी झाली आणि कारखान्याला कुलूप लागलं म्हणे. आमच्याकडे कुणी हळहळलं नाही. दुसऱ्या छापाचा पुठ्ठा आला, तोही खपला.

तुमच्याकडचा घुबड वडलांनी तुम्हाला दिवाळसणाला दिला होता. सोन्याची अंगठी देण्याची ऐपत नव्हती, म्हणून कपडे आणि वर हा चाकू. हातात दिला नाही. चाकू हातातून हातात दिला की नात्यात वितुष्ट येतं म्हणून त्यांनी तो पाटावर ठेवला आणि तुम्ही उचललात. एवढी खबरदारी घेऊनही काय झालं ते आपण दोघांनी पाहिलंच.

पण त्या चाकूचं एक ऋण आहे आणि ते मी नाकारत नाही. वडील बीडच्या दवाखान्यात पडून होते तेव्हा तुम्ही रजा टाकून त्यांच्या उशाशी बसलात. तुम्ही मोसंबी सोलायचात. एका सालीत, साल कुठे तुटायची नाही. ती लांबलचक साल पलंगाच्या गजाला अडकवायचात आणि वडलांना म्हणायचात, "मामा, बघा, तोरण बांधलं." मग एकेक फोड घेऊन तिची पांढरी शीर काढायची, बी काढायची, चाकूच्या टोकाने मधोमध चिरून रस त्यांच्या ओठांवर सोडायचा. वडलांना घास गिळवत नव्हता, पण तुमच्या हातचा तो रस ते घ्यायचे. ते गेले त्या दिवशीही गजाला साल लटकत होती. असा जावई आमच्या वडलांना मिळाला याचं मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, आणि त्यामुळेच पुढचा सगळा राग जास्त आहे.

कारण तोच चाकू तुम्ही विकलात.

आठवतो तो दिवस? तुम्ही दुकानात स्टुलावर बसून मोसंबी सोलत होता. जालन्याचा एक माणूस गाडीच्या कॅरिअरला नटबोल्ट घ्यायला थांबला. बोल्ट राहिले बाजूला, तो तुमच्या हाताकडे बघत उभा.

"साहेब, जरा चाकू दाखवता का?" तो म्हणाला. तुम्ही चाकू काउंटरवर ठेवला. त्याने मोबाइलच्या उजेडात पातं धरलं आणि ओरडला, "डोळे हायत! ह्याला डोळे हायत!"

आम्हाला वाटलं माणूस फिरला. त्याने तुमच्यापुढे दोन हजार रुपये टाकले. तुम्ही रसाने चिकट झालेला चाकू पँटला पुसून त्याला दिलात, आणि तो गेल्यावर अख्ख्या लाइनीतल्या दुकानांना जिलेबी वाटलीत. "मामांच्या चाकूने जिलेबी खाऊ घातली," असं तुम्ही म्हणालात, आणि मी हसलो नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटलं. चार महिन्यांनी कळलं, त्याने तो अठरा हजारांना काढला. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. वडलांची आठवण विकली याचं तुम्हाला काही नव्हतं. ती स्वस्तात गेली याचं होतं.

मग तुम्ही शिकलात. सुरुवातीच्या मालावर घुबडाला डोळे होते, पुढे साचा झिजला आणि डोळे उमटेनासे झाले. डोळेवालं ते डोळस, बाकीचं आंधळं. आंधळ्याला शेकड्यांत भाव, डोळसाला हजारांत. आणि डोळस जर पेटीपॅक असेल, म्हणजे कंपनीच्या डबीत, तेलकट पिवळ्या कागदात, जन्मात काही न कापलेला, तर माणसं तारतम्य सोडून बोली लावतात. जालन्याचा तोच माणूस तुमच्या ग्रुपचा अॅडमिन निघाला. तुम्हाला बुडवणाऱ्यालाच तुम्ही गुरू केलंत. त्याचं खरं नाव तुम्हाला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं, तुम्ही त्याला अॅडमिनसाहेबच म्हणायचात.

निवृत्त झालात आणि पेन्शन घुबडांवर उधळू लागलात. पाठीमागच्या खोलीला आतून कडी बसवली, खिडकीला जाळी ठोकली. दुपारी जेवण झालं की त्या खोलीत, हातात पांढरे मोजे, एकेक डबी उघडायची, पात्याला तेलाचं बोट लावायचं, परत बंद. आमरसाच्या दिवसांत तुम्ही आंबा दाताने सोलायचात. हे मी कुणाला सांगितलं तर लोकांना गंमत वाटते. अक्काला वाटत नव्हती. तिचे गुडघे गेलेले, खाली विळीवर बसलं की उठताना भिंत धरावी लागते. ओट्याशी उभं राहून भाजी चिरावी म्हणून तिने एकदा तुमच्याकडे त्यातलाच एक चाकू मागितला. एक आंधळा. तुम्ही म्हणालात, "कांदा लागला की निम्मा भाव गेला." मी दुकानातला प्लॅस्टिकच्या मुठीचा चाकू नेऊन दिला, तर तुम्ही तो हातात घेऊन, उलटापालटा करून म्हणालात, "हलका माल हाय."

उमापूरचा म्हातारा आठवतो का? मला मोटारसायकलवर मागे बसवून नेलंत, कारण दोन माणसं दिसली की लोक विश्वास ठेवतात हा तुमचा हिशेब. म्हातारा ओसरीत बसून त्या चाकूने लसूण सोलत होता. मूठ फुटलेली, तारेने बांधलेली, पण पात्यावरचं घुबड टक्क बघत होतं. तुम्ही पिशवीतून चकचकीत नवा चाकू काढला.

"आजोबा, ह्यो जुना आमाला द्या, ह्यो नवा तुमाला."

"कावून पायजे ह्यो? गंजलाय की."

"मेव्हण्याला कलमं बांधायचीत. जुनं लोखंड लागतंय त्याला."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात एक कलम बांधलेलं नाही. "मंग न्या की," तो म्हणाला, "लई उपकार झाले. ह्या नव्याला धार बरी दिसतीय." त्याने आपल्याला चहा पाजला आणि निघताना भुईमुगाच्या शेंगा माझ्या रुमालात बांधून दिल्या. रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, दाजी, म्हातारा नागवलात. तुम्ही गाडी न थांबवता ओरडून म्हणालात, "नागवला कुठं बे? त्याला नवा मिळाला. त्याच्या लेखी नफाच. ह्यो चाकू त्यानं लसूण सोलून मारला असता, म्या वाचवला." मी म्हणालो, चाकू कापायलाच असतो. तुम्ही म्हणालात, तू दुकानदार हायस, तुला पुठ्ठ्यावरचंच दिसतं. शेंगा तुम्हीच सगळ्या खाल्ल्यात आणि टरफलं माझ्या अंगावर उडत राहिली.

ते भांडण आपण किती वेळा भांडलो. धर्मापुरीच्या देवळात पायरीवर बसून भांडलो, लिंबागणेशला दर्शनाच्या रांगेत भांडलो, तिथे तर पुढच्या बाईने मागे वळून आपल्याला गप्प केलं. तुमचं म्हणणं, जी वस्तू आता परत होणार नाही तिला हात लावणं म्हणजे पाप. माझं म्हणणं, मग माणूसही परत होत नाही, त्याला तुम्ही का वापरून वापरून झिजवता? मी अक्काबद्दल बोलतोय हे तुम्हाला कळायचं. तुम्ही विषय बदलायचात, की माझ्या वडलांनी डझनाने घुबडं कशी मातीमोल विकली, एक पुठ्ठा जरी ठेवला असता तर मी आज कुठे असतो वगैरे. तेवढं ऐकून मलाही क्षणभर चुटपुट लागायची. तुम्ही हसायचात. फार कावेबाज होता तुम्ही, आणि बोलायला इतके गोड की मी पुढच्या आठवड्यात परत तुमच्या गाडीवर मागे बसलेला असायचो.

अक्काचे दोन्ही गुडघे बदलायचे, हे बीडच्या डॉक्टरांनी सांगून किती दिवस झाले. तुम्ही फोटो बघितले, हाडावर हाड घासतंय ते बघितलं, बाहेर येऊन तिला म्हणालात, "ह्या दिवाळीपर्यंत थांब. डोळसाला भाव चढायलाय. दोन पेटीपॅक पीस काढले की दोन्ही गुडघे." दिवाळी आली, भाव चढला. चढणाऱ्या भावात कुणी माल काढतं का, असं मलाच उलट विचारलंत. पुढची दिवाळी आली, भाव पडला. पडलेल्या भावात कुणी काढतं का? मी म्हणालो, पैसे मी देतो. तुमचं तोंड उतरलं. "माझ्या बायकोचे गुडघे म्या बघीन," असं म्हणालात आणि महिनाभर माझ्या दुकानाची पायरी चढला नाहीत. अक्कानेही नाही म्हटलं. भावाच्या पैशाने चालले तर जन्मभर त्यांच्या डोळ्यांत सलेन, म्हणाली. एवढा तुमचा मान ती राखत होती, आणि तुम्ही खोलीत कडी लावून पोलादाला तेल चोळत होता.

त्या कडीनेच घात केला. दुपारी तुम्ही आत गेलात. अक्काने चहा ठेवला, तुम्ही आला नाहीत, तिने तो झाकून ठेवला. परत गरम केला. हाक मारली नाही, कारण चाकू पुसताना हाक मारलेली तुम्हाला खपायची नाही, हात हलला तर तेलाचा डाग डबीला पडतो. तिसऱ्यांदा चहा गरम करायच्या ऐवजी ती भिंत धरत दाराशी गेली. मग शेजारचे आले, मी आलो, पहार आणली माझ्याच दुकानातली, कडी तुटता तुटेना. भक्कम कडी तुम्ही माझ्याकडूनच नेली होती, घासाघीस करून. आत तुम्ही खुर्चीत होता, हातात मोजे, समोर उघडी डबी. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी कळतं तर काही करता आलं असतं. अक्का तिथेच खाली बसली आणि मग तिला उठवायला दोघं लागले. दाजी, मी तुमच्या पायातल्या चपला काढल्या तेव्हा मला रडू फुटलं. तुमच्या टाचा अगदी वडलांसारख्या भेगाळलेल्या होत्या. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

दहावा गंगेवर, आपल्या गोदेच्या घाटावर केला. अॅडमिन आला होता, पांढरा सदरा घालून, तुमचे थोरले भाऊ आबा यांच्या शेजारी, जणू सोयराच. सचिनने पिंड मांडले. बाभळीवर कावळे भरपूर, पण खाली एकही उतरेना. आम्ही सगळे मागे सरकलो. सचिन हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळतो." कावळे बसून राहिले. आबा म्हणाले, "माधवा, बांधाचा वाद मिटिवतो. तुज्या पोराला त्याचा वाटा देतो." हे ऐकून आम्हीच चकित झालो, कावळे झाले नाहीत. मी म्हणालो, "दाजी, अक्काची काळजी करू नका." कुणी जिलेबी आणून ठेवली, कुणी तंबाखूची पुडी ठेवली. ऊन डोक्यावर आलं. स्वयंपाकी दोनदा विचारून गेला, वाढायचं का म्हणून. गुरुजींनी हळूच सुचवलं की दर्भाचा कावळा करू आणि शिववू, तशी सोय आहे. आबा म्हणाले, छे, जीव अडकलाय त्याचा कशात तरी. आणि तुमचा तो अॅडमिन, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाला, "सरांचा जीव कलेक्शनमध्ये होता."

सगळ्यांनी अक्काकडे बघितलं. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, तिला खाली बसता येत नाही म्हणून. तुमचे चाकू विकून गुडघे करायचे हे आदल्याच दिवशी तिने मला सांगितलं होतं, डॉक्टरांना फोनही लावायला लावला होता. हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं, मलाच होतं. ती पिंडाकडे वळली. मग म्हणाली, "न्हाई विकत तुमचे चाकू. एक बी न्हाई विकत. या आता."

कावळा आला. तिचं बोलणं संपायच्या आत आला, भाताला चोच मारली, जिलेबीकडे ढुंकून बघितलं नाही आणि उडाला. सगळ्या घाटाने सुस्कारा सोडला. बाया डोळे पुसायला लागल्या, आबांनी नदीला हात जोडले. मी अक्काकडे बघत होतो. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली हे चारचौघांत कळावं तसा तिचा चेहरा झाला होता. मी तेव्हा तुम्हाला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. कावळा हा कावळाच असतो, त्याला भूक लागली की तो येतो, हे मला कळतं. पण तुम्हाला इतकी वर्षं ओळखून मला त्या क्षणी कावळ्याचा संशय आला नाही, तुमचाच आला.

आता पुढचं ऐका, तुम्हाला आवडेल. अॅडमिनने पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याचा फोटो काढला होता. रात्रीतून ग्रुपवर गोष्ट पसरली की बीड जिल्ह्यात एका संग्राहकाचा जीव घुबडांत अडकला होता, विकणार नाही म्हटल्यावरच कावळा शिवला. लोकांनी ती इकडून तिकडे पाठवली. पुण्याहून फोन, नागपूरहून फोन. तुमच्या खोलीतला माल आता साधा डोळस राहिला नाही, 'कावळा शिवलेलं कलेक्शन' झाला, आणि ज्या आंधळ्यांना तुम्ही कोपऱ्यात टाकलं होतं त्यांनाही हजारांत मागणी आली. तुम्ही जिवंतपणी जेवढा भाव चढवू शकला नाहीत तेवढा तुमच्या पिंडाने चढवला. विकायचे मात्र नाहीत, शब्द दिलेला. आबा रोज सकाळी येऊन ओसरीत बसायचे, अक्काला आठवण करून द्यायला.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. अक्काने मला बोलावलं. "त्या अॅडमिनला बोलीव," म्हणाली, "येताना पैसे घेऊन ये म्हणाव."

तो आला तेव्हा मधल्या खोलीत सतरंजीवर सगळ्या डब्या मांडलेल्या होत्या. अक्का खुर्चीत. तुम्ही कित्येक वर्षं भाव करत होता, दाजी, पण भाव कसा करतात ते त्या दिवशी बघायला हवं होतं. तो एक डबी उचलायचा, नाक मुरडायचा, म्हणायचा, कोपरा दबलाय. अक्का म्हणायची, ठेवा खाली. तो म्हणायचा, डोळा एकच नीट उमटलाय. अक्का म्हणायची, ठेवा खाली, नागपूरवाला येणार हाय उद्या. नागपूरवाला कुणी येणार नव्हता. दोन तासांत त्याचा शर्ट घामाने चिकटला. शेवटी तो सगळेच घेतो म्हणाला, फक्त एक विनंती होती. वहिनींनी एका कागदावर लिहून द्यावं की हेच ते चाकू, यांच्यासाठीच कावळा थांबला होता, आणि खाली सही.

"त्याचे येगळे पडतील," अक्का म्हणाली.

त्याने वेगळे दिले. तिने सही केली. पुढे हे चाकू तो किती पटीने विकणार हे मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं. तिने विचारलं नाही.

तो डब्या पोत्यात भरत असताना आबा आले. त्यांनी पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबले. थोरल्या दिरासमोर अक्काने आजवर तोंड उघडलेलं नाही, तुम्हाला माहीत आहे. आबा म्हणाले, "गंगेवर शब्द दिलतास. त्यो त्या शब्दावर गेलाय. आता विकलंस तर भटकत ऱ्हाईल त्यो."

अक्काने पदर सारखा केला. "फिरू द्या," ती म्हणाली. "मी किती वर्सं ह्या गुडघ्यांवर फिरायलेय, त्यांनी बघितलंय."

आबा आल्या पावली परत गेले. गावात आता बोलतात तिच्याबद्दल, बोलोत. सचिनही फोनवर दबकत म्हणाला, मामा, आईने थोडं थांबायला हवं होतं. मी म्हणालो, तू तुझ्या बापाचाच आहेस.

परवा तिला बीडला दवाखान्यात भरती करायला घेऊन गेलो. ती गाडीत मागे पाय लांब करून बसली होती, खिडकीतून बाहेर बघत. मी तुमच्यावर काहीतरी लिहितोय हे तिला माझ्या बायकोने सांगितलं होतं.

"त्यांच्यावर लिहायलास म्हणं?" तिने विचारलं.

"हो."

"मग लिही की घाटावर मी खोटं बोलले. आबा म्हणत्यात शब्द मोडला. मोडला न्हाई, तवाच खोटा व्हता."

मी म्हणालो, "पण बोललीस कावून?"

"लोकं उपाशी व्हती. स्वयंपाक गार व्हायलता."

मी गाडी चालवत राहिलो. बीड जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, आणि हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही:

"सचिन म्हणला व्हता, आईला सांभाळतो. तवाच यायचं व्हतं त्यांनी."